आजीच्या शिलाई मशीनचा स्टँड आणि बाबांचा ग्राइंडर

नमस्कार सर,

मी मानेवाड्याला राहते, शाळेत शिकवते. बाबा मागच्या वर्षी हिंगण्याच्या एका कारखान्यातून रिटायर झाले. घरामागच्या पोर्चला पत्रे ठोकून त्यांनी ८ बाय १० फुटांचं स्वतःचं वर्कशॉप केलं आहे. ८ इंची बेंच ग्राइंडर, ४० किलोचं बेंच ड्रिल आणि काम घट्ट धरायचा ५ इंची व्हाइस (शिकंजा) असं सगळं सेकंडहँड जमवलं. ग्राइंडर आजीच्या शिलाई मशीनच्या स्टँडवर प्लायची फळी टाकून बसवला आहे. तो सुरू केला की सगळा स्टँड थरथरतो आणि खालचं पायडल आपोआप हलत राहतं. ड्रिल आणि व्हाइस जुन्या डायनिंग टेबलवर आहेत. परवा लोखंडी पट्टीला भोक पाडताना पट्टी ड्रिलमध्ये अडकून गरकन फिरली आणि टेबल चार बोटं सरकलं. लागलं नाही, पण आईनं तेव्हापासून पोर्चच्या दाराला कुलूप घातलंय.

मला त्यांच्या वाढदिवसाला चांगला मजबूत स्टँड घेऊन द्यायचा आहे. ऑनलाइन घडीचे स्टँड दिसतात, १५० किलो पेलतो असं लिहिलेलं असतं. कोणता घेऊ? आणि बाबांना कसं समजावू? ते म्हणतात, ‘आईचं मशीन ४० वर्षं हललं नाही, आता काहून हलेल?’

(मानेवाडा, नागपूर)

ताई, स्टँडचं नंतर. ‘पट्टी गरकन फिरली’ हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला, म्हणून आधी त्याचंच लिहितो. ड्रिलचं बिट पट्टीच्या खालून बाहेर पडतं ना, नेमक्या त्या क्षणी ते पट्टीला पकडतं. भोक जवळजवळ झालेलं असतं, हात सैल पडलेला असतो, आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. कितीही जड स्टँड आणला तरी हे व्हायचं ते होणारच. छोटा तुकडा असेल तर ड्रिलच्या टेबलावर बोल्टनं बसणारा मशीन व्हाइस हवा, मोठा असेल तर क्लॅम्प. लांब पट्टी असेल तर तिचं लांब टोक नेहमी डाव्या हाताला ठेवायचं. बिट घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, त्यामुळे पट्टी सुटलीच तर मागे जाऊन खांबाला अडते, पोटात येत नाही. बाबांना हे सगळं पाठ असणार. कारखान्यात फोरमन डोळे वटारून उभा असतो, घरी तो नसतो, एवढाच फरक. मशीन व्हाइस आला की आईंना कुलूप काढायला सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘१५० किलो पेलतो’ हे त्या स्टँडवर लिहिलेलं बहुतेक खरंच असतं. दीडशे किलोच्या गोण्या अलगद रचून ठेवल्या तर तो उभा राहील. पण बाबांच्या मशीनचं दुखणं वजनाचं नाहीच. ४० किलो तर स्वयंपाकघरातलं स्टूलसुद्धा पेलतं, तुम्ही दिवाळीत त्यावर चढून माळ्यावरचे डबे काढताच की. दुखणं आडव्या धक्क्याचं आहे. ड्रिलचा दांडा ओढला की मशीन पुढे येतं, व्हाइसमध्ये कानस चालवली की टेबल मागे-पुढे डुलतं, ग्राइंडर तर मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या वर फिरून स्टँडला सतत गुदगुल्या करून राहिला असतो. घडीच्या स्टँडमध्ये प्रत्येक घडीला एक पिन आणि पिनेभोवती थोडी ढिलाई असते. ती ढिलाई रोज वाढते. बांधकामाच्या साइटवर आज इथे, उद्या तिथे न्यायला तो स्टँड ठीक. घरी कायमच्या जागी तो घेऊ नका.

एक गंमत करून बघा, बाबांसमोरच करा. काडेपेटीतल्या काड्या काढून ठेवा. नुसतं बाहेरचं कव्हर टेबलावर उभं धरा आणि वरच्या कडेला बोटानं आडवं ढकला. लगेच तिरकं होऊन झोपतं. आता आतला ट्रे परत सरकवा आणि तसंच ढकला. हलत नाही. पुठ्ठा तोच, वजनात म्हणावा असा फरक नाही. ट्रेच्या तळानं चौकोनाला तिरकं व्हायला जागाच ठेवली नाही. चार पाय आणि वर-खाली चौकट असलेला कोणताही स्टँड म्हणजे ते रिकामं कव्हर आहे. त्याला ट्रे घालायचा, म्हणजे बाजूंना आणि पाठीला तिरक्या पट्ट्या मारायच्या किंवा पत्रा वेल्ड करायचा.

मला हे उशिरा कळलं. फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवायला लागलो तेव्हाची गोष्ट. घरी पहिला स्टँड केला तो २५ बाय ३ मिलिमीटरच्या अँगलचा (इंग्रजी L सारखी काटकोनी लोखंडी पट्टी), चार पाय, वर चौकट, खाली चौकट. गुण्या लावून, ओळंबा सोडून केला होता, दिसायला देखणा. ग्राइंडर चढवला आणि तो लग्नाच्या मांडवासारखा डुलायला लागला. मला वाटलं वजन कमी पडलं. मग वर १० मिलिमीटरची प्लेट टाकली. आणखी डुलला! शेजारी ग्रील करणारा एक पोरगा होता, शाळा सोडलेला. तो आला, स्टँडला कमरेनं एक धक्का दिला आणि म्हणाला, “सर, डोक्यावर कायले वजन देऊन राहिले? कंबर बांधा ना याची.” दोन तिरक्या पट्ट्या मारून त्यानं दहा मिनिटांत विषय संपवला. दुसऱ्या दिवशी मी तोच धडा वर्गात शिकवला. त्याचं नाव सांगितलं होतं की नाही, ते विचारू नका.

वजन लागतंच, पण खाली. बाबांच्या ड्रिलचा हिशेब करू. मशीन ४० किलो, बाजारातला हलका स्टँड ८ किलो, पायांमधलं अंतर ४० सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २०. ड्रिलचा दांडा जमिनीपासून साधारण १२० सेंटीमीटरवर. ४८ गुणिले २० भागिले १२०, आलं ८. म्हणजे दांड्याशी फक्त ८ किलोचा आडवा जोर लागला की सगळं उलटायला निघतं. अर्धी बादली पाणी उचलायला लागतो तेवढा. नातू आला, दांड्याला लोंबकळला, की झालं. आता स्टँड ३० किलोचा करा, पाय ६० सेंटीमीटर फाकवा: ७० गुणिले ३० भागिले १२०, साडेसतरा किलो. त्याच्या खालच्या फळीवर रेतीची ४० किलोची गोणी टाकली तर साडेसत्तावीस. उलटवायला आता तिपटीहून जास्त जोर लागेल, आणि त्यातले शेवटचे दहा किलो नुसत्या रेतीनं दिले. कन्हानची रेती घर बांधताना उरलेली कुठे तरी पडलेली असेलच. ती वाळवून सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरायची. ओली भरली तर खालचं लोखंड गंजतं.

तर माझा सल्ला असा की विकत न घेता करवून घ्या, आणि एक नाही, दोन. ड्रिल आणि व्हाइस एका बाकावर, ग्राइंडर वेगळ्या खांबावर. ग्राइंडरच्या चाकाची भुकटी म्हणजे बारीक पॉलिश पेपरच समजा. ती ड्रिलच्या खांबावर आणि व्हाइसच्या आट्यांमध्ये बसली की दोन्ही चीजवस्तू दोन-चार वर्षांत खरखर करायला लागतात. तुमच्या ८ बाय १० मध्येसुद्धा ग्राइंडर दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ शकतो.

बाकासाठी ५० बाय ५० बाय ५ मिलिमीटरचा अँगल घ्या. इतवारीतल्या लोहा ओळीत मिळेल. लोखंड किलोवर विकतात, म्हणून आधी वजन माहीत असलेलं बरं. हा अँगल मीटरला ३.८ किलो भरतो. १२० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद बाक, पाय ८० चे, वर एक चौकट, जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर दुसरी चौकट, असं धरलं तर १०.४ मीटर अँगल लागतो. ६ मीटरच्या दोन लांब्यांत काम होऊन तुकडे उरतात. पाठीला आणि दोन्ही बाजूंना ४० बाय ५ ची पट्टी, गुणाकाराच्या चिन्हासारखी, आरपार. पट्टी ओढ चांगली सहन करते, दाब दिला की वाकते. म्हणून प्रत्येक बाजूला दोन तिरप्या लागतात, कोणत्याही दिशेनं धक्का आला तरी त्यातली एक ताणली जाते. समोरची बाजू मोकळी ठेवा, तिथे पाय जायला हवेत. सगळा सांगाडा पन्नासेक किलोचा होतो. त्या दिवशीच्या दराला गुणलं की किंमत कळेल, वेल्डिंगवाल्याची मजुरी वेगळी. तुमच्या बजेटचा आकडा तुम्ही लिहिला नाहीत, पण कमी पडलं तर अँगल बारीक करू नका, बाकाची लांबी कमी करा.

वेल्डिंगवाल्याकडे बाबांनाच पाठवा. फक्त एक गोष्ट त्यांनी तिथे उभं राहून करून घ्यावी. आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारायचे, मग टेपनं दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, मगच पूर्ण वेल्ड. आधीच सगळं जाळून टाकलं तर गरम लोखंड आपल्या मर्जीनं वळतं, आणि मग ‘थोडं ठोकून घेतो’ सुरू होतं.

पायांच्या तळाला १६ मिलिमीटरचा नट वेल्ड करून त्यात बोल्ट फिरवून घ्या, वर चेकनट, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आवळायचा दुसरा नट. हे उंची कमी-जास्त करायचे पाय. ते का, ते खाली काळ्या मातीपाशी आल्यावर सांगतो.

वरच्या फळीला प्लाय नको. म्हणजे प्लायच हवा असेल तर १८ मिलिमीटरचे दोन एकावर एक, फेविकॉल आणि स्क्रूनं एकजीव केलेले. पण नागपुरात राहून सागवान सोडून प्लाय कशाला? नवा सागवान महाग पडेल. लकडगंजात चौकशी करा, शिवाय महालात, इतवारीत जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या चौकटी आणि तुळया विकायला निघतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं ते लाकूड वाड्यात दोन-तीन पिढ्या सुकलेलं असतं. नवं लाकूड मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आकसतं आणि बोल्ट ढिले करतं, पावसाळ्यात फुगून पुन्हा आवळतं. जुनं त्या मानानं शांत असतं. दोन इंच जाडी ठेवा. फळ्या अँगलला आरपार बोल्टनं बसवा, खाली मोठा वायसर. लाकडाच्या स्क्रूवर कोणतंही मशीन बसवू नका.

व्हाइस कुठे बसवायचा यात बहुतेक लोक चुकतात. बाकाच्या मधोमध बसवतात, कारण तिथे छान दिसतो. बसवायचा तो पायाच्या डोक्यावर. हातोड्याचा ठोका फळीतून सरळ पायात, पायातून जमिनीत गेला पाहिजे. दोन पायांच्या मधे बसवला तर फळी ढोलासारखी वाजते आणि ठोक्याचा निम्मा जोर तिथेच मरतो. आणि व्हाइसचा मागचा, न हलणारा जबडा बाकाच्या कडेच्या थोडा बाहेर असू द्या, म्हणजे लांब सळाख उभी धरता येते. व्हाइस उजव्या पायावर, ड्रिल डाव्या टोकाला.

आता ग्राइंडर. स्टँड बदलायच्या आधी दोषी कोण ते ठरवा. ग्राइंडर एका जाड फळीवर बोल्टनं आवळा, फळी जमिनीवर ठेवा आणि रिकामा चालवा. जमिनीवरही थरथरत असेल तर तुम्ही सोन्याचा स्टँड आणला तरी तो थरथरणार, कारण खोट चाकात आहे. चाक घासून घासून वेडंवाकडं झालेलं असतं, एका बाजूला जड होतं. ड्रेसरनं, म्हणजे चाक घासून सारखं करायच्या हत्यारानं, त्याचं तोंड सरळ करून घ्यायचं. सेकंडहँड मशीन आहे म्हणून आणखी एक: प्लग काढून दोन्ही चाकं उतरवा, दांड्यात किंवा बोटात अडकवून लाकडी मुठीनं हलकी टिचकी मारा. चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तर ते चाक तोडून फेकायचं, कोणाला द्यायचं नाही. ८ इंची चाकाची कड सेकंदाला ३० मीटर पळते, म्हणजे समृद्धी महामार्गावर गाडी धावते तेवढा वेग. तुकडा उडाला तर त्याला पत्र्याचं गार्डच अडवतं, म्हणून गार्ड काढलेला ग्राइंडर घरात नको. समोरचा रेस्ट (ज्यावर काम टेकवतात ती पट्टी) आणि चाकामधे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये. चाक झिजेल तसा रेस्ट पुढे सरकवायचा. सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला.

चाक ठीक निघालं आणि तरीही आजीच्या स्टँडवर थरथरलं, तर मग स्टँड दोषी. बंद केल्यावर नीट बघा. चाक मंद होत जाताना मधेच दोन-तीन सेकंद स्टँड अंगात आल्यासारखा हलतो आणि मग एकदम शांत होतो का? प्रत्येक स्टँडची स्वतःची एक लय असते. चाकाची गती त्या लयीला भिडली की असं होतं, झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं. ग्राइंडरच्या बाबतीत म्हणूनच नुसत्या तिरक्या पट्ट्या मारून भागत नाही. सांगाडा ताठ केला की त्याची लय वर सरकते, आणि कधी कधी नेमकी चाकाच्या चालत्या गतीपाशी येऊन बसते. त्याला हवा असतो जडपणा आणि थरथर गिळून टाकणारं काही तरी.

हे काम ट्रकच्या चाकाची जुनी लोखंडी रिंग फार छान करते. वाडीला ट्रकांचा धंदा आहे, तिथल्या भंगारवाल्यांकडे २० इंची रिंग विचारा. ती जमिनीवर आडवी ठेवायची, मधल्या ताटलीवर ८ मिलिमीटरची प्लेट वेल्ड करून त्यावर ४ इंची पाइप उभा करायचा, बुडाशी चारी बाजूंनी त्रिकोणी आधार. वर दुसरी प्लेट, तिच्यावर ग्राइंडर. रिंग उलटी करून आतल्या पोकळीत सिमेंट, रेती, गिट्टी कालवून भरायची. २० लिटर काँक्रीट बसलं तर ४८ किलो झालंच. पाइपच्या आत कोरडी रेती. ८० सेंटीमीटरच्या पाइपात दहाएक किलो मावते, आणि पाइप घंटेसारखा वाजायचा थांबतो. रेती वेल्डिंग संपल्यावरच भरा, वरच्या प्लेटला भोक ठेवून. भरलेल्या, बंद पाइपावर कोणालाही वेल्ड मारू देऊ नका. आत ओल असेल तर तिची वाफ होते आणि कोंडलेली वाफ कुठून बाहेर पडेल याचा नेम नसतो.

खाली तीनच पाय द्या, तीन बोल्ट. तीन पायांची वस्तू कशाही फरशीवर डगमगत नाही, आपली जुनी तिवई आठवा. फक्त तीन पाय उलटायला चारापेक्षा सोपे असतात, म्हणून एक पाय मागच्या बाजूला ठेवा. ग्राइंडरवर माणूस पुढून मागे रेटतो. आणि हा खांब भिंतीला चिकटवू नका. भिंतीपलीकडे बेडरूम असेल तर दुपारी आईंची झोप गेली म्हणून समजा. ग्राइंडरच्या बुडाखाली कन्व्हेयर बेल्टच्या रबराचा तुकडा चालतो, मी वापरतो. व्हाइसखाली मात्र रबर अजिबात नको, ठोका परत उसळतो.

इतकी खटपट नको असेल तर भंगारात बंद पडलेल्या आटाचक्कीचा बिडाचा सांगाडा शोधा. बीड थरथर गिळतं, पोलाद ती पुढे ढकलतं. जुनी मशीनं बिडाची असायची ती काही उगाच नाही.

इथे बाबांचं अर्धं म्हणणं बरोबर निघतं, हे त्यांना आवर्जून सांगा. आजीचा स्टँडही बिडाचाच आहे. पण त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या ओतलेल्या आणि पाठीमागे एका आडव्या तुकड्यानं, दोन-चार बोल्टांवर जोडलेल्या असतात. वर शिलाई मशीनचं हलकं डोकं, खाली आजीच्या पायाची सावकाश लय. तेवढ्यासाठीच तो केला होता आणि तेवढं त्यानं ४० वर्षं इमानानं केलं. ग्राइंडरच्या थरथरीनं ते बोल्ट ढिले होणार, बाबा ते पान्यानं करकचून आवळणार, आणि बीड वाकत नाही, ते टचकन तुटतं. तुटलेलं बीड घरच्या वेल्डिंगनं धड जोडलंही जात नाही. “आईचा स्टँड चुकीचा आहे” असं म्हणू नका. “आईचा स्टँड तुटेल” असं म्हणा. बघा कसे ऐकतात. वर संगमरवराची किंवा ग्रॅनाइटची पाटी टाकून द्या त्याला, बाबांची वही, पेन्सिल, चष्मा आणि चहा ठेवायला. पायडल राहू द्या. माणूस विचार करताना पाय हलवतोच.

आता ती काळी माती. नागपूरच्या बऱ्याच भागात घराखाली ती आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराच्या पायाला त्याची सोय केलेली असते, मागच्या पोर्चला कोणी करत नाही. मुरूम टाकून वर तीन-चार इंच काँक्रीट आणि फरशी, संपलं. त्यामुळे पोर्चची जमीन वर्षातून दोनदा थोडी इकडची तिकडे होते. आज पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून बसवलेला बाक जूनमध्ये तीन पायांवर उभा असतो आणि चौथा अधांतरी. म्हणून ते फिरते बोल्ट. अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये रुतणारे बोल्ट) ठोकून बाक जमिनीला जखडायचा विचार असेल तर आधी फरशीवर नाणं आपटून ऐका. पोकळ वाजली तर तिथे ड्रिल मारू नका, फरशी फुटेल आणि बोल्टही धरणार नाही. त्यापेक्षा रेतीच्या दोन गोण्या बऱ्या. हवंच असेल तर बाकाची पाठ ९ इंची भिंतीला दोन अँगलच्या तुकड्यांनी बांधा, सरकणंही थांबेल. खंडेनवमीला बाबा हत्यारं पुसून, हळद-कुंकू लावून मांडत असतीलच. त्याच दिवशी पाणसळ ठेवायची, बोल्ट जुळवायचे, सगळे नट एकदा आवळायचे. पाऊस नुकताच सरलेला असतो, वेळही बरोबर साधते. दुसऱ्यांदा मेअखेर.

कूलरचं विसरू नका. पोर्चमध्ये उन्हाळ्यात कूलर लागणारच, पण त्याचा झोत मशीनवर नको. दमट हवेनं ड्रिलचा खांब आणि टेबल आठवड्यात तांबूस होतात. रोज काम झालं की तेलाचा बोळा फिरवायचा. आणि ग्राइंडरच्या ठिणग्या ज्या बाजूला जातात त्या बाजूला कूलर ठेवूच नका, विशेषतः सीझन संपल्यावर. कूलरची वाळलेली ताटी म्हणजे नुसतं गवत आहे. ठिणगी आत शिरून तासाभरानं धुमसते, तोवर तुम्ही जेवायला बसलेल्या असता. लोखंडी बाक आणि लोखंडी खांब झाल्यामुळे अर्थिंगची तीन पिनांची वायर आता चैन राहिलेली नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवून पोर्चचा पॉइंट तपासून घ्या, एक्स्टेंशन बोर्डावर ग्राइंडर नको.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकदोघांनी मागे असंच विचारलं होतं, त्यांच्यासाठी: घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून काढलेला असतो. बाक भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवा आणि रेतीच्या गोण्या एकाच जागी रचू नका. ग्राइंडरच्या आवाजाचं खालच्यांशी तुम्हीच मिटवा.

लोखंड आणायला निघण्याआधी एक माप घ्यायचं राहिलं, आणि ते बाबांचंच. त्यांना सरळ उभं करा, हाताची मूठ हनुवटीखाली टेकवायला सांगा. कोपराचं टोक जिथे येईल ती व्हाइसच्या जबड्याची वरची पातळी. बाबांच्या ५ इंची व्हाइसची उंची त्यातून वजा करा, ती साधारण १६ सेंटीमीटर निघेल, तरी मोजून घ्या. जी उरेल ती फळीच्या पृष्ठभागाची उंची. फळीची दोन इंच जाडी आणि खालच्या बोल्टाचे तीनेक सेंटीमीटर वजा केले की पायाची लांबी मिळते. मी वर ८० धरली ती अंदाजानं. ग्राइंडरच्या चाकाचा मध्य कोपराच्या किंचित खाली आला की पुरे, पाइप त्या हिशेबानं कापा. माप घेताना त्यांनी पायात कारखान्यातले बूट घातलेले असू द्या. चपलेवर घेतलेलं माप दोन-तीन सेंटीमीटरनं चुकतं, आणि ग्राइंडरसमोर चपला घालून उभं राहायचंही नाही.